चौथं मत

नॉर्बी,
रविवार, ९ मार्च १९९७

प्रिय ऑरिन,

तिकडे राजधानीत तू डब्यातलं सूप गरम करून पितोस हे वाचून माझं डोकंच फिरलं. न्यायमूर्ती झालास म्हणून काय झालं, बटाटे उकडता येत नाहीत का? मर्नावहिनी होती तोवर तुझं बरं चाललं होतं. आता तुला आठवड्याला एक खरमरीत पत्र लिहिणं मलाच भाग आहे.

नेल्स बरा आहे, म्हणजे आहे तसा आहे. कधी मला अ‍ॅर्डिस म्हणतो, कधी नर्सबाई. पण खिडकी त्याला कळते. वृद्धाश्रमातल्या त्याच्या खोलीतून धान्याचं कोठार दिसतं ना, जिथे त्याने सारी हयात गहू तोलून घेतला. ट्रक आला की हा बसल्या जागी हात वर करतो, आणि ड्रायव्हरही आठवणीने भोंगा वाजवतात. नवरा म्हणून माझ्याकडे जो काही उरलाय, तो त्या खिडकीपाशी आहे.

आणि आता तुमच्या तिकडच्या शहाण्यांनी कायदा केलाय. लहान गावांतले वृद्धाश्रम बंद, म्हातारी माणसं उचलून मोठ्या शहरात. नेल्सला हॅडलीला नेणार म्हणे. गाडीने तीन तास, आणि हिवाळ्यात तर रस्ताच दिसत नाही. अरे, हा आश्रम सगळ्या काउंटीने मतं देऊन बांधला, याचा पाया नेल्सने आणि आपल्या बाबांनी खणला. आम्हाला कुणी विचारलं?

शाळा बंद करायच्या खटल्यातलं तुझं निकालपत्र अजून माझ्या फ्रिजवर आहे. 'लोकांनी मत देऊन आणि हात लावून जे उभं केलं, ते त्यांना न विचारता राज्याला काढून घेता येत नाही.' कागद पिवळा पडलाय, पण मला पाठच आहे. तेव्हा तुम्ही पाचातले तिघं होतात आणि तरी हरलात, कारण आपल्या राज्यात कायदा मोडीत काढायला चार मतं लागतात. तिघांनी दोघांपुढे हरायचं! असलं गणित मी शाळेत शिकले नव्हते. पण आता त्या दोघांतला हॅलग्रेन निवृत्त झालाय, आणि त्याच्या जागी आलेली बाई तुझ्यासारखंच बोलते असं पेपरात आलंय. म्हणजे झाले चार. एवढी बेरीज मला येते.

मी काही मागत नाहीये हं. आपण मागणारी माणसंच नाही.

तुझी,
अ‍ॅर्डिस


१६ मार्च १९९७

प्रिय अ‍ॅर्डिस,

तुझी बेरीज वाचली आणि पत्र तिथेच ठेवलं. हा विषय कोर्टात आला तर तो माझ्यासमोर येणार. जे माझ्यासमोर येणार, त्याबद्दल मी मर्नाशीसुद्धा बोललो नाही. तुलाही सल्ला नाही, इशारा नाही, हूं नाही की चूं नाही. तूही लिहू नकोस. रागावू नकोस, पण हे माझ्या हातात नाही.

मला तुझ्या हाताने शिवलेली पट्टी आठवते. शपथविधीच्या सकाळी तो काळा झगा चार बोटं लांब निघाला, आणि तू सगळ्यांदेखत मुख्य न्यायमूर्तींच्या खुर्चीत बसून तोंडात टाचण्या धरून तो शिवलास. त्याआधी मी गावात वकिली करत होतो, कुणाची गाय कुणाच्या गव्हात शिरली ते निस्तरत होतो. मग जिल्हा न्यायाधीश झालो. मग निवडणूक आली, आणि तू प्रत्येक जत्रेत रुबार्बचा केक वाटत 'हा माझा भाऊ, याला खोटं बोलता येत नाही' असं लोकांना सांगत फिरलीस. माझ्या कारकिर्दीचा एवढाच जाहीरनामा होता.

पुढल्या वर्षाअखेर मुदत संपते. मग मी मोकळा. तोवर आपण हवामानावर लिहू. त्यावर कुणाची हरकत नसते. काल इथे गारा पडल्या. नेल्सला माझा नमस्कार सांग.

तुझा,
ऑरिन


८ जून १९९७

प्रिय ऑरिन,

बरं बाबा, नाही लिहीत खटल्याबद्दल.

फक्त एवढंच सांगते, की गुरुवारी चर्चच्या तळघरात सगळे जमलो होतो. पास्टर एन्गरनी कॉफीचं मोठं भांडं चढवलं होतं, आणि आपल्या लोकांची तऱ्हा तुला माहीतच आहे. 'हॉटडिश छान झालंय', 'यंदा डास फार', असं करत करत दोन तास गेले तरी मुद्द्यावर कुणी येईना. शेवटी हॅडलीहून आलेला तो तरुण वकील, टॉड केसलर, घड्याळ बघायला लागला तेव्हा कुठे दाव्यावर सह्या झाल्या. अक्षरांच्या क्रमाने आमोटबाईंच्या सासूचं नाव पहिलं येत होतं. मी म्हटलं, 'अहो, तुमच्या सासूबाईंना पहिलं काय नि शेवटचं काय, कळणार आहे का?' त्या हसल्या आणि सरकल्या. नेल्सचं नाव सगळ्यात वर गेलं. खटल्याचं नावच आता 'नेल्स लोकेन विरुद्ध राज्य सरकार'.

तू माझा भाऊ आहेस हे मी वकिलाला मुद्दामच सांगितलं नाही. उगाच मिरवल्यासारखं दिसतं. आडनावं वेगळी, त्या बिचाऱ्याला काय कळणार!

मी काही मागत नाहीये. कागद तुझ्या टेबलावर येईल तेव्हा वर कुणाचं नाव आहे ते तुला दिसेल, बस्स. तुझं मन ऐन वेळी डळमळू नये एवढ्यासाठी.

अ‍ॅर्डिस


१५ जून १९९७

प्रिय अ‍ॅर्डिस,

तुझं पत्र 'तळघर' या शब्दापर्यंत वाचलं आणि मिटून बंद केलं. पुढे काय लिहिलंयस ते मला माहीत नाही, आणि मी वाचणारही नाही. कृपा करून असं पुन्हा करू नकोस.

मर्नाच्या गुलाबाला दोन कळ्या आल्यात. उन्हाळा कोरडा जाणार असं दिसतं.

ऑरिन


१४ डिसेंबर १९९७

प्रिय ऑरिन,

जिंकलो! आपल्या जिल्हा कोर्टात जिंकलो! हे पेपरात छापून आलंय, तेव्हा हे सांगणं गुन्हा नसावा. पास्टर एन्गरनी घंटा वाजवली, आणि मला आमोटबाईंनी मिठी मारली. त्या बाईने जन्मात कुणाला मिठी मारली असेल असं वाटत नाही, दोघींनी कसं उभं राहायचं तेच आम्हाला कळेना. नेल्सला सांगितलं तर तो म्हणाला, 'गहू ओला आहे का?' मी म्हटलं, 'नाही रे, कोरडा आहे, चांगला भाव येईल.' खूश झाला.

राज्य सरकार वर अपील करणार म्हणे. करू दे. वर कोण बसलंय ते मला माहीत आहे.

सोबत लेफ्सेच्या पोळ्या पाठवतेय, या वेळी बटाटा छान मिळाला. लोण्यासाखरेबरोबर खा, सूपात बुडवू नकोस.

तुझी,
अ‍ॅर्डिस


२२ फेब्रुवारी १९९८

ऑरिन,

आज पेपरात वाचलं. 'न्यायमूर्ती ऑरिन हाउगेन या खटल्याच्या सुनावणीत भाग घेणार नाहीत.' एकच ओळ. कारण नाही, काही नाही. तुझ्या खुर्चीत कुठला तरी जिल्हा न्यायाधीश आणून बसवणार म्हणे.

का रे? चर्चमधून बाहेर पडताना सगळे माझ्याशी थंडीबद्दल बोलले. एकानेही हा विषय काढला नाही, म्हणजे समज किती बोलले असतील आपापसात. मला वाटलं होतं तू नाव बघशील आणि पाय रोवून बसशील. तू तर नाव बघून उठूनच गेलास! तुला आमची लाज वाटली का? की निवृत्तीच्या तोंडावर भानगड नको असं झालं?

मी तुझ्यासाठी जत्रांमधून केक वाटले. एक शब्द तरी लिही.

अ‍ॅर्डिस


१ मार्च १९९८

प्रिय अ‍ॅर्डिस,

तुझं पत्र मिळालं. शेवटपर्यंत वाचलं. सुनावणी व्हायची आहे, निकाल यायचाय, तोवर मला काही बोलता येत नाही. मी खुर्चीत नसलो तरी तोंडाला कुलूप तेच आहे.

इकडे आठवडाभर वारा आहे. मंगळवारी एवढं बर्फ साचलं की दार उघडेना, शेजाऱ्याने फावडं घेऊन वाट करून दिली. बुधवारी जरा ऊन पडलं. गुरुवारी पुन्हा ढग. गुलाबाला मी पोतं गुंडाळलंय, पण तो जगेल असं वाटत नाही. शुक्रवारी वारा उत्तरेचा होता. शनिवारीही उत्तरेचाच होता.

तुझा,
ऑरिन


९ ऑक्टोबर १९९८
मुख्य न्यायमूर्तींचं दालन

प्रिय ऑरिन,

निकाल आज सकाळी जाहीर झाला, म्हणून आता लिहू शकते. तुम्ही गेले दोन दिवस दालनाबाहेर आला नाहीत, म्हणून समोरच्या दारातून पत्र पाठवतेय. हसू नका.

तीन विरुद्ध दोन. आम्ही तिघं म्हणालो की कायदा घटनाबाह्य आहे. तुमच्या खुर्चीत बसलेले गृहस्थ सरळ आहेत, अभ्यास करून आले होते, पण त्यांना तसं वाटलं नाही. तिघं हरलो. शाळेच्या वेळी हरलो होतो तसेच.

तुमचं मत मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. पण इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसलेय. माझ्या निकालपत्रातलं तिसरं पान तुमच्याच शाळेच्या निकालाचे शब्द आहेत, हे तुम्ही वाचलंच असेल. चौथं मत तुमचं होतं.

आणि जिवाला लागून राहिलंय ते हे, की ते एक नाव नसतं तर तुम्हाला कुणी उठवलं नसतं. राज्यभर असे आश्रम आहेत, आम्हा प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिथे आहे. माझी मावशीच आहे. तेवढ्यावरून उठायचं तर बाकावर कुणी उरलंच नसतं. पण खटल्याच्या माथ्यावर सख्ख्या मेव्हण्याचं नाव असेल तर न्यायाधीशाला उठावंच लागतं, आणि मागून नाव काढलं तरी डाग जात नाही. ज्यांनी ते नाव वर लिहिलं त्यांना हे काय माहीत!

बहिणीला काय सांगणार आहात?

लुसिल हॉफर


२२ नोव्हेंबर १९९८

ऑरिन,

गेल्या महिन्यात नेलं आश्रमातल्या सगळ्यांना. आश्रमाच्या बसला चढायची पायरी उंच होती, म्हणून एकेकाला खुर्चीसकट उचललं. आमोटबाईंची सासू गाणं म्हणत होती, तिला वाटलं सहल आहे. कोठाराचे ट्रक रस्त्याच्या कडेला ओळीने थांबले होते. बस निघाली तेव्हा सगळ्यांनी एकदम भोंगे वाजवले. नेल्स उलट्या बाजूला बसला होता. मी त्याला वळवायला गेले तोवर बस वळली.

हॅडलीला त्याच्या खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. पहिले काही दिवस तो गाड्यांना हात करायचा. कुणी भोंगा वाजवत नाही. तिथल्या लोकांना काय माहीत! आता करत नाही.

मी दर शनिवारी जाते, रस्ता उघडा असेल तर. या शनिवारी नव्हता.

अ‍ॅर्डिस


३१ जानेवारी १९९९

ऑरिन,

नेल्सच्या मातीला आलास, बरं वाटलं. तळघरात तू कपबशी धरून भिंतीशी उभा होतास आणि एकेक जण येऊन तुझ्याशी बर्फावर बोलून जात होता. मीही तेच केलं. काय बोलणार होते!

आता कोर्ट संपलं, तुझी मुदत संपली, तू मोकळा आहेस असं तूच म्हणाला होतास. म्हणून विचारते.

वकील केसलर तुझ्या जवळच उभा होता. पास्टरनी त्याला 'हे अ‍ॅर्डिसचे भाऊ' असं सांगितलं आणि त्याने हातातला कप खाली ठेवला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, 'लोकेनबाई, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?' मी म्हटलं, त्याने काय बिघडलं? मग त्याने सांगितलं काय बिघडलं ते. बिचारा रडायच्या बेतात होता. चूक माझीच, मी विचारायला हवं होतं, असं म्हणत राहिला.

ऑरिन, मी तीन आठवडे झोपलेले नाही. डोळा लागला की तळघरातलं ते टेबल दिसतं, आणि आमोटबाई हसून सरकतात. मी तोंडाने मागितलं असतं तरी एवढं वाटोळं झालं नसतं. नुसतं दाखवायला गेले. नेल्स त्या गाड्यांच्या तळाकडे बघत बघत गेला, आणि त्याला तिथे मी बसवलं.

तुला खोटं बोलता येत नाही. म्हणून तुलाच विचारते. मी ते नाव वर घातलं नसतं आणि तू खुर्चीत असतास, तर चार झाले असते का?

अ‍ॅर्डिस


७ फेब्रुवारी १९९९

प्रिय अ‍ॅर्डिस,

तू सरळ विचारलंस, म्हणून सरळ उत्तर देतो.

नाही. चार झाले नसते.

शाळेचं प्रकरण वेगळं होतं. शाळा लोकांनी बांधली आणि लोकांनीच चालवली. आश्रम बांधला तुम्ही, पण गेली कित्येक वर्षं तो राज्याच्या अनुदानावर चालत होता. जो चालवतो त्याला थांबवता येतं. कायदा वाईट होता, निर्दय होता, पण वाईट कायदा म्हणजे घटनाबाह्य कायदा नव्हे. मी खुर्चीत असतो तर त्या दोघांच्या बाजूने मत दिलं असतं. निकाल हाच लागला असता, फक्त खाली माझी सही असती.

तेव्हा नाव वर घातलंस की खाली, त्याने काहीही फरक पडला नाही. केसलरला कोर्टाच्या आतलं काय माहीत! तू काही केलेलं नाहीस. हे तुला आधी सांगायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि नियमाच्या आड लपणं सोपं होतं.

ऑरिन


२१ फेब्रुवारी १९९९

ऑरिन,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं मी चुकीचं वाचतेय.

अनुदान! बाबांनी खणलेल्या पायाबद्दल तू मला अनुदान सांगतोस? माझ्या फ्रिजवर बारा वर्षं तुझे शब्द होते. येईल त्या पाहुण्याला मी वाचून दाखवायचे. काल काढले, चुलीत घातले. लोहचुंबक तेवढं ठेवलंय.

नेल्सने तुला पोहायला शिकवलं होतं. तू शिकायला गेलास तेव्हा बाबांचं शेत त्याने सांभाळलं, आधी कोठारावर राबून आणि मग उरलेल्या उजेडात. आणि त्याच्या म्हातारपणाची पाळी आली तेव्हा तू सही करणार होतास! मग देवाचे आभार मान, की मी त्याचं नाव वर घातलं आणि तुला तिथून उठावं लागलं. निदान तुझी सही त्या कागदावर नाही. आयुष्यात एक गोष्ट मी बरोबर केली म्हणायची.

मला तोंडावर खरं सांगितलंस, त्याबद्दल आभार मानायला हवेत, पण ते मला जमणार नाही. यंदा ईस्टरला येऊ नकोस. लेफ्सेही येणार नाही. तुला लिहायचंच असलं तर हवामान लिही, तुला तेच जमतं.

काल रात्री मात्र मी झोपले. सकाळी उठले तर ऊन पार पलंगावर आलं होतं. राग असला की झोप येते असं दिसतंय.

अ‍ॅर्डिस लोकेन


२८ फेब्रुवारी १९९९

प्रिय अ‍ॅर्डिस,

तू झोपलीस हे वाचलं. फार बरं झालं.

इकडे सोमवारी बर्फ पडलं. मंगळवारी आणि बुधवारी ढग होते. मर्नाचा गुलाब गेला. काल दुपारी जरा ऊन आलं होतं, वारा दक्षिणेचा होता, आणि छपरावरून पाणी ठिबकत होतं. तुमच्याकडे दोन दिवसांत येईल.

ऑरिन